शिक्का, पाटी, बांबू आणि गोणी: खान्देशातल्या क्वारंटाइनच्या साहित्याचं परीक्षण

करोनाच्या दोन लाटांत जळगाव, धुळे, नंदुरबारच्या गावांनी क्वारंटाइन पाळून घ्यायला जे सामान घेतलं, त्यातलं बरंचसं अजून ग्रामपंचायतीच्या कपाटात पडून असेल. वाळलेले शिक्के, सेल गळालेली तापमापक बंदूक, हायपोक्लोराइटचे फुगलेले कॅन, फ्लेक्सचे तुकडे. पुढच्या साथीला यातलं काय बाहेर काढायचं, काय भंगारात द्यायचं आणि नव्याने काय घ्यायचं, हे ज्यांना ठरवावं लागेल त्या सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील आणि आशाताईंसाठी हे लिहिलं आहे. प्रत्येक वस्तूला पाचपैकी गुण दिलेत. कसोटी एकच लावली: या वस्तूमुळे माणूस चौदा दिवस जागेवर राहतो का? ती दिसायला किती कडक आहे याला गुण नाहीत.

हातावरचा शिक्का: २

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने डाव्या हाताच्या पंज्यावर, मागच्या बाजूला शिक्का मारायला सुरुवात केली. २५ मार्चला निवडणूक आयोगाने मतदानाची न पुसणारी शाई या कामाला वापरायची मुभा दिली. या शाईत सिल्व्हर नायट्रेट असतं. ते कातडीतल्या क्षारांशी आणि प्रथिनांशी बांधलं जातं आणि उजेडात काळं पडतं. म्हणून शिक्का आधी फिकट दिसतो आणि उन्हात गेल्यावर काळपट जांभळा होतो. खान्देशात ऊन मागून आणावं लागत नाही, तेवढी एक सोय.

अडचण अशी की बऱ्याच ठिकाणी ही शाई पोचलीच नाही आणि ऑफिसातल्या जांभळ्या स्टॅम्पपॅडवर काम भागवलं गेलं. ती शाई साबणाने आणि सॅनिटायझरने दोन-तीन दिवसांत जाते. खरी शाई असेल तरी क्रम चुकला की शिक्का पसरतो. हात साबणाने धुवायचा, पूर्ण कोरडा करायचा, शिक्का तीन सेकंद दाबून धरायचा आणि मिनिटभर हात तसाच मोकळा ठेवायचा. सॅनिटायझर लावायचं ते शाई वाळल्यावर. शाई चोपडून लावली तर कातडी भाजल्यासारखी होते, फोड येतात; त्यावर पुन्हा शिक्का मारू नये. लहान मुलांच्या हातावर तर मारूच नये. एकाच रबरी शिक्क्याने रांगेतल्या पन्नास जणांना छापलं तर आपणच साथ हातोहात वाटतो. दर माणसामागे रबर ७० टक्के अल्कोहोलच्या बोळ्याने पुसायला हवं, आणि ते कोणी पुसत नाही. कुदळ-फावडं धरणाऱ्याची कातडी लवकर झिजते, त्यामुळे चौदा दिवसांचा शिक्का त्याच्या हातावर दहाव्या दिवशीच अर्धा राहतो.

तारीख हा सगळ्यात मोठा घोळ. शिक्क्यावर शेवटचा दिवस छापायचा असतो, आणि तो मोजायचा शेवटच्या संपर्कापासून. शिक्का मारल्या दिवसापासून मोजायचा नाही. सुरतेच्या खोलीतल्या जोडीदाराला लागण झाली, त्याच्याशी शेवटचा संपर्क ४ मेला आला आणि गडी ७ मेला गावात पोचला, तर मुदत १८ मेला संपते. ४ तारीख हा शून्यावा दिवस. पण घरात आल्यावर त्याच घरातल्या दुसऱ्या कोणाला लक्षणं दिसली, तर घरातल्या सगळ्यांची मोजणी पुन्हा शून्यावर येते. शिक्क्यावरची तारीख मात्र तीच राहते. मग माणूस हात दाखवून म्हणतो, "माझे दिवस भरले." कागदावर त्याचं बरोबर असतं.

शिक्क्याचा उपयोग अनोळखी गर्दीत होतो. १८ मार्च २०२० ला पालघर स्थानकावर गरीबरथमधून सुरतेकडे निघालेले चार शिक्केवाले प्रवासी उतरवले गेले, ते सहप्रवाशांना हात दिसले म्हणून. भुसावळ जंक्शनवर, नवापूरच्या हद्दीवर, एसटी स्टँडवर शिक्का कामाचा. दोन हजार वस्तीच्या गावात सुरतेहून कोण आलं हे कोतवालाच्या आधी पाणवठ्यावर कळलेलं असतं. "कथा चालना रे भाऊ?" (कुठे चाललास रे?) असं कोणीतरी ओट्यावरून विचारणारच, शिक्का असो की नसो.

दारावरची पाटी: १

लाल अक्षरांचा फ्लेक्स दाराला लावला की दुसऱ्या दिवशी दूधवाला येत नाही, गिरणीवाला दळण घेत नाही, हापशावर घागर बाजूला सरकवली जाते. मग त्या घरातली माणसं लांबच्या हापशावर, लांबच्या गिरणीवर जातात. म्हणजे पाटीमुळे माणूस जास्त फिरतो. गल्लीतली बाकी घरं पाटी बघून शहाणी होतात ती उलट्या बाजूने: ताप आला की मेडिकलवरून गोळी आणायची आणि तपासणीला जायचंच नाही.

९ डिसेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली सक्षम अधिकाऱ्याचा तसा आदेश असल्याशिवाय घरांवर पोस्टर लावू नयेत. तेव्हा सरपंचाच्या मनाने पाटी लावता येत नाही. तिच्याऐवजी दाराच्या आतल्या बाजूला पोस्टकार्डाएवढं कार्ड अडकवावं. त्यावर शेवटच्या संपर्काची तारीख, मुदत संपण्याची तारीख, घरातल्या माणसांची संख्या, साठीच्या पुढची माणसं, बीपी-शुगरच्या गोळ्या कोणाला, आशाताईंचा नंबर. पाटी गल्लीला वाचायला असते, हे कार्ड भेटीला येणाऱ्याला.

बांबूचं फाटक: ३, काटे आणि चर: शून्य

एप्रिल २०२० मध्ये ठिकठिकाणी गावांनी वेशीवर बोरी-बाभळीचे काटे टाकले, बैलगाड्या आडव्या लावल्या, काहींनी जेसीबीने रस्त्यात चर खणला. चर आणि काटे यांना शून्य, कारण १०८ ची रुग्णवाहिका बाळंतिणीसाठी येते तेव्हा रात्री दोन वाजता चर बुजवायला कोणी नसतं. काटे तर पहिल्याच वळवाच्या वाऱ्यात रस्ताभर होतात आणि मोटारसायकलीच्या टायरात निघतात.

फाटक मात्र करण्यासारखं आहे. दोन लाकडी बल्ल्या दोन-दोन फूट पुराव्या, मधली मोकळी जागा १२ फूट ठेवावी. रुग्णवाहिका आणि चाऱ्याची ट्रॉली दोन्ही निघतात. आडवा बांबू १८ फुटांचा घ्यावा. बुडखा एका बल्लीपलीकडे चार फूट बाहेर काढून त्याला गोणीत भरलेला दगड बांधला की शेंड्याकडची बाजू एका हाताने वर जाते. सांधा सुतळीने बांधला तर आठ दिवसांत झिजतो, तिथे जाड तार आणि मध्ये सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालावा. रात्रीसाठी लाल-पांढरी चमकणारी पट्टी लावावीच. अंधारात न दिसलेल्या बांबूवर दुचाकी आदळली की साथीपेक्षा मोठं दुखणं होतं.

फाटकाचे दोन गुण कापले ते माणसांमुळे. दिवसा तरुण मंडळींचं टोळकं हौसेने उभं राहतं, तोंडावरचा रुमाल गळ्यात असतो. तिसऱ्या आठवड्यात तिथे एकटा कोतवाल उरतो. गावाला वेशीही चार असतात: फाटक डांबरी रस्त्यावर आणि ये-जा नाल्यातल्या गाडवाटेने.

कोंबड्यांच्या बाबतीत ही हद्दबंदी चालते. नवापूरने ती दोनदा पाहिली आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू तिथे सापडला, २०२१ मध्ये पुन्हा आला, आणि दोन्ही वेळा ठरावीक त्रिज्येतल्या कोंबड्या मारून पट्टा साफ केला गेला. कोंबडी पिंजऱ्यात असते. तिला पंपाचा स्टार्टर दाबायला जायचं नसतं.

तापमापक बंदूक: दीड

कपाळापासून तीन ते पाच सेंटिमीटरवर धरायची, घाम पुसून, केस बाजूला करून. एवढं बहुतेकांना माहीत असतं. जे माहीत नसतं ते यंत्राच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात असतं: ही यंत्रं साधारण ४० अंशांपर्यंतच्या हवेत वापरायची असतात, कित्येक तर ३५ पर्यंतच. मे महिन्यात शिरपूरच्या पुढे आग्रा रस्त्यावरच्या नाक्यावर पारा ४४ वर असतो. तिथे चालत आलेल्या माणसाचं कपाळ तापलेलं असतं, बंदूकही तापलेली असते. मग आकडा खोटा जास्त येतो, किंवा यंत्र नुसतं रेघा दाखवतं. उलट मोटारीच्या एसीतून उतरलेला तापकरी ९७ वर सुटतो. माणसाला सावलीत दहा-पंधरा मिनिटं बसवून, पाणी पाजून मग मोजायचं आणि बंदूकही सावलीतच ठेवायची. पॅरासिटामॉल घेतलेल्याचा ताप दिसत नाही आणि लक्षणंच नसलेल्या रुग्णाला ताप नसतोच, हे वेगळं. दोन सेल दर महिन्याला बदलावेत आणि ठेवून देताना काढून ठेवावेत.

सेल्फीचं ॲप: शहरात ३, गावठाणात १, अक्राणीत शून्य

कर्नाटकाने ३० मार्च २०२० ला दर तासाला सेल्फी पाठवायची सक्ती केली. रात्री १० ते सकाळी ७ एवढी सूट. पोलंडमध्ये निरोप आला की २० मिनिटांत फोटो पाठवावा लागे. कल्पना चांगली आहे: फोटोसोबत जागेचा अक्षांश-रेखांश जातो, माणूस ठरलेल्या वर्तुळाबाहेर गेला की कचेरीत सूचना येते.

गावठाणात ती का फसते? धाब्याच्या घरात जाड मातीच्या भिंती असतात, आत जीपीएसची चूक सहज ३०-४० मीटर होते. म्हणून खोट्या सूचना टाळायला वर्तुळ १०० मीटरचं ठेवावं लागतं. शंभर मीटरच्या वर्तुळात गावठाणातली निम्मी घरं, हापसा, मारुतीचा पार आणि पानाची टपरी एवढं सगळं येतं. गडी टपरीवर बसला तरी ॲपच्या हिशेबाने घरात. पार्टीशनच्या एका घरात चार भावांच्या चार चुली असतील तर फोटोवरून कोण कोणाच्या खोलीत आहे हे कळतच नाही. त्यात घरात स्मार्टफोन एकच, आणि तो मुलांच्या ऑनलाइन शाळेत. अक्राणी तालुक्यातल्या पाड्यांवर रेंजसाठी टेकडी चढावी लागते. सेल्फी पाठवायला घराबाहेर पडायचं, हा विनोद ॲप बनवणाऱ्याच्या लक्षात येण्यासारखा नव्हता.

जळगाव-धुळे शहरातल्या फ्लॅटमध्ये, नोकरदार माणसाकडून, दिवसातून तीनदा आणि अवेळी मागितलेला फोटो उपयोगी पडतो. तासातासाला मागितला तर तिसऱ्या दिवशी माणूस फोन बंद करतो.

गुन्हा दाखल करणं: २

इथे धमकी जास्त आणि कागद कमी असतो, म्हणून नीट सांगायला हवं. १८९७ चा साथरोग कायदा मुंबई इलाख्यातल्या प्लेगसाठी झाला. त्याखालच्या आदेशाचा भंग म्हणजे तेव्हाच्या दंडविधानाचं कलम १८८. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम २२३ आलं: साध्या भंगाला सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड, जिवाला धोका होण्यासारखा भंग असेल तर एक वर्षापर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड. दोन्ही बाबतीत कैद आणि दंड एकत्रही होऊ शकतात.

खरी मेख पुढे आहे. ज्या अधिकाऱ्याचा आदेश मोडला, त्याने किंवा त्याच्या वरिष्ठाने लेखी तक्रार दिल्याशिवाय न्यायालय या कलमाची दखल घेऊ शकत नाही. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १९५ मध्ये होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या २१५ मध्ये आहे. म्हणजे पोलीस पाटलाने फोन केला, हवालदाराने गुन्हा नोंदवला आणि तहसीलदाराची लेखी तक्रारच नाही, तर प्रकरण कोर्टाच्या उंबऱ्यावर पडतं. आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ५१ खाली जायचं तरी कलम ६० तशीच तक्रार मागतं. शिवाय मूळ आदेश त्या माणसाला माहीत होता हे दाखवावं लागतं. दवंडी दिली असेल तर तारीख-वेळ नोंदवून दोन पंचांच्या सह्या घ्याव्यात; घरावर बजावलेल्या नोटिशीची पोच तर हवीच. ही कागदं नसल्यावर "केस करतो" हे वाक्य गावात दोनदाच चालतं.

२०२२ मध्ये राज्य सरकारने टाळेबंदीतले १८८ चे गुन्हे मागे घेण्याचा निर्णय जाहीर केला. पुढच्या खेपेला लोक हे लक्षात ठेवून वागतील. उठाबशा, बेडूकउड्या आणि पायावर काठी यांना कोणत्याही कलमाचा आधार नाही. तीन जणांना भररस्त्यात एकत्र उठाबशा काढायला लावणं तर साथीच्या हिशेबानेही मूर्खपणाचं.

जिल्हा परिषदेची शाळा: चांगली चालवली तर ४, नाहीतर १

शाळा ही सगळ्यात महागात पडू शकणारी सोय आहे, कारण चुकीच्या पद्धतीने भरलेली शाळा म्हणजे साथीचं रोपवनच. चूक एकच आणि ती जवळजवळ सगळीकडे होते: वेगवेगळ्या दिवशी आलेली माणसं एका वर्गात. सोमवारी मुंबईचे चार जण आले, शुक्रवारी त्याच खोलीत सुरतेचे दोन घातले. शुक्रवारच्यांपैकी एक पॉझिटिव्ह निघाला की सोमवारवाल्यांचे भरलेले दिवस वाया. मग ती माणसं रात्री भिंतीवरून उडी मारून घरी गेली तर दोष कोणाला द्यायचा?

त्यावर उपाय वर्गाच्या दारावर खडूने लिहिण्याचा आहे. एक खोली दोन दिवस उघडी. त्या ४८ तासांत येतील तेवढे आत, नंतर खोली नव्यांसाठी बंद, पुढचे पुढच्या खोलीत. माणसं कमी असतील तर खोली अर्धी रिकामी राहू द्यावी. २० बाय २५ फुटांच्या वर्गात सहा खाटा बसतात, दोन खाटांत निदान एक मीटर सोडून, डोक्याकडे-पायाकडे अशा उलटसुलट. सातवी घातली की मधली वाट जाते. एक कुटुंब एकत्र आलं असेल तर त्याला वेगळी खोली. बायकांना वेगळी खोली आणि आतून कडी. ही कडी आधी तपासावी, शाळांच्या कड्या तुटलेल्याच असतात.

संडास वीस माणसांमागे एक तरी हवा. शाळेतले मुलांच्या मापाचे, पाण्याची टाकी छपरावर ५०० लिटरची आणि मेच्या दुपारी तिच्यातलं पाणी चटका देणारं. टाकीवर ओला गोणपाट टाकावा, नाहीतर माणसं आंघोळीला नदीवर जातात. पंखे आणि मच्छर अगरबत्ती नसली तर रात्री अकराला खोली रिकामी होते आणि पहाटे पाचला पुन्हा भरते. हजेरी सकाळी आठला घेतली की शंभर टक्के. हजेरी रात्री साडेअकराला घ्यावी.

घरचा डबा बंद करता येत नाही आणि करूही नये. कळण्याची भाकरी आणि ठेच्याची सवय असलेला माणूस ठेकेदाराच्या गार खिचडीवर चौदा दिवस काढत नाही. फाटकाबाहेर एक बाक ठेवावा: आणणाऱ्याने डबा ठेवून दहा पावलं मागे जायचं, मग आतल्याने उचलायचा. रिकामा डबा परत जाताना साबणाच्या पाण्याच्या घमेल्यातून. २०२० मध्ये रमजान २५ एप्रिलला सुरू झाला. ज्या केंद्रात रोजेकरी असतील तिथे पहाटे चारच्या आत जेवण पोचायला हवं. एवढं जमलं नाही तर माणूस सहेरीला घरी जाणारच.

फवारणीबद्दल दोन ओळी. ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या ३० टक्के क्लोरीनच्या ब्लीचिंग पावडरपासून १ टक्का द्रावण करायला एका लिटरला सुमारे ३३ ग्रॅम पावडर लागते. ५ टक्क्यांचं हायपोक्लोराइट असेल तर एक भाग त्यात चार भाग पाणी. रोज ताजं करावं, उन्हात आणि उघड्यावर त्याचा जोर उतरतो. संडासाच्या ॲसिडमध्ये चुकूनही मिसळू नये, विषारी क्लोरीन वायू निघतो. माणसांवर तर फवारायचंच नाही. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्येच तसं बजावलं होतं.

मळ्यातली खोली: ४

खान्देशच्या कोरडवाहू-बागायती दोन्ही भागांत हे साधन लोकांनी स्वतः शोधलं. गावात न येता थेट शेतातल्या खोलीत किंवा झोपडीत राहायचं, डबा बांधावर. हवा खेळती, संडासाचा प्रश्न नाही, गुरं आणि पाणी तिथेच. माणूस रिकामा बसत नाही म्हणून टिकतो. एक गुण कापला तो रात्रीसाठी. शेतीपंपाची तीन फेज वीज काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री येते, त्या पाळीत मोबाइल चार्ज होईलच असं नाही. म्हणून बॅटरी, काठी आणि एक भरलेली पॉवर बँक द्यायला हवी. साप-विंचवाचा विचार करून खाट जमिनीपासून उंच. साठीच्या पुढच्याला, दम लागणाऱ्याला, गरोदर बाईला मळ्यात एकटं ठेवू नये.

मळ्यातल्या माणसालाही रोज कोणीतरी बघायला हवं, आणि ही भेट म्हणजे सगळ्या पहाऱ्यांत स्वस्त आणि पक्का पहारा. आशाताईंनी ओट्याखाली उभं राहून हाक मारायची, घरातल्या प्रत्येकाने दारात येऊन तोंड दाखवायचं. वेळ रोज बदलायची. वहीत चारच रकाने: ताप, खोकला, दम, ऑक्सिजन. बोटावरचं ऑक्सिमीटर घराघरांत फिरवायचं असेल तर पुसून. माणूस पाच मिनिटं बसलेला हवा, बोट गार नको, नखाला नेलपॉलिश किंवा गडद मेंदी नको. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकींच्या हातावर मेंदी असतेच, तेव्हा मेंदी नसलेलं बोट शोधावं. बसून ९३ किंवा खाली आला, किंवा सहा मिनिटं चालवल्यावर तीनपेक्षा जास्तने उतरला, तर गाडी बोलवायची. भेटीला आम्ही वेगळे गुण दिलेले नाहीत, कारण रिकाम्या हाताने केलेली भेट तिसऱ्या दिवशी दारातच अडवली जाते. ती घरच्या सामानाच्या गोणीबरोबर गेली तरच चालते.

गोणी: ५

क्वारंटाइन मोडणारा माणूस बहुतेक वेळा हट्टाने मोडत नाही. तो पाणी, वैरण, दळण, गोळ्या किंवा तंबाखूसाठी बाहेर पडतो. ही पाच कारणं घरात पोचवली की शिक्का, पाटी, फाटक यांतलं निम्मं सामान लागतच नाही.

पाच माणसांच्या घराला चौदा दिवसांचा हिशेब असा. पीठ माणशी ४०० ग्रॅम धरून २८ किलो, आणि पीठच. धान्य दिलं तर गिरणी आलीच. डाळ ४ किलो, तेल २ लिटर, मीठ, तिखट, चहा-साखर, कांदे-बटाटे. साबण पाच वड्या. दूध रोज एक लिटर, पिशवी दाराबाहेरच्या झाकणाच्या डब्यात. गॅसची टाकी संपत आली असेल तर पहिल्याच दिवशी विचारावं. पाणी माणशी ५५ लिटर धरलं तर दिवसाला २७५ लिटर, म्हणजे दोनशे लिटरचा दीड ड्रम. नळ आठवड्यातून एकदा येणाऱ्या गावात ट्रॅक्टरची टाकी दर दोन दिवसांनी त्या दारात थांबायला हवी, आणि नळी ड्रमात सोडणारा माणूस बाहेरचा हवा.

जनावरांचा विचार सरकारी यादीत कधीच नसतो. दोन बैल आणि एक म्हैस म्हटलं की दिवसाला २० किलोच्या वर कोरडी वैरण, चौदा दिवसांत तीनशे किलो, आणि उन्हाळ्यात प्रत्येकी ६०-७० लिटर पाणी. म्हैस पिळणारा हात घरात एकच असेल तर पिळायला बाहेरचा कोण येणार हे पहिल्या दिवशीच ठरवून नाव लिहून ठेवावं. केळीचा घड कापणीला आला असेल किंवा कपाशीला पाणी द्यायचं असेल, तर पंपाच्या स्टार्टरची किल्ली भाऊबंदातल्या कोणाकडे द्यायची, हेही. भाऊबंदांत बोलणं बंद असेल तर सरपंचांनी मध्ये पडायचं. साथीत वाटणीचा वाद निघाला की क्वारंटाइन तिथेच संपतं.

आखाजीला जिथे सालदाराचं (वर्षाच्या करारावर राबणाऱ्या शेतगड्याचं) वर्ष सुरू होतं, तिथे त्या आठवड्यात क्वारंटाइनमध्ये अडकलेल्या सालदाराला "तुझी जागा गेली" असं मालकाने सांगितलं की तो त्याच रात्री कामावर हजर. २०२० ची आखाजी २६ एप्रिलला होती, ऐन टाळेबंदीत. मालकाकडून जागा राखल्याचा शब्द चारचौघांत घ्यावा. रोजंदारीवाल्याला पीठ पुरतं, पण बचत गटाचा हप्ता पीठ भरत नाही. हप्ता पुढे ढकलल्याचा निरोप गटाच्या अध्यक्षाकडूनच यायला हवा. रेशनच्या अंगठ्याच्या यंत्रासाठी माणसाला दुकानात बोलावलं जाणार नाही, याचाही बंदोबस्त आधी करावा.

आणि तंबाखू. यादीत लिहायला संकोच वाटतो, पण ती लिहावी. चुन्याच्या डबीसह रोजची पुडी गोणीत टाकली नाही तर सकाळी सातला टपरीच्या मागच्या दाराशी कोण उभं आहे ते बघावं. दारू देता येत नाही. रोज पिणाऱ्याला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरणं, घाम, भास सुरू झाले तर तो हट्ट नसतो, दवाखान्याचं काम असतं, आणि ते वहीत आधीच नोंदलेलं हवं.

गोणी देताना मोजून, सही घेऊन द्यावी. जातीच्या, वाड्याच्या, पार्टीच्या हिशेबाने एका घरी दोन लिटर तेल आणि दुसऱ्या घरी एक गेलं की दुसरं घर बाहेर पडतं, आणि त्याला अडवायला कोणाला तोंड राहत नाही.

गोणीच्या तळाशी शेवटची वस्तू कोरी मोकळीक-चिठ्ठी. मुदत संपल्या सकाळी आशाताईंनी तारीख घालून द्यायची: "अमुक तारखेपासून मोकळे." २०२० मध्ये बहुतेकांना हातावरचा अर्धवट पुसलेला शिक्काच पुरावा म्हणून दाखवावा लागला, आणि मुकादम, वसाहतीचा वॉचमन, बसचा कंडक्टर यांच्या लेखी तो शिक्का म्हणजे अजून रोगी. चिठ्ठी पोस्टकार्डाएवढी पुरते. तिच्यावर तलाठ्याचा किंवा ग्रामसेवकाचा गोल शिक्का हवा, आणि तो साध्या जांभळ्या शाईचा चालतो.